आभाळ निरभ्र, तरी शनी का उकळत होता? (जाहीर आकाशदर्शन आणि हवा)

तिपाई

आमचा पाच जणांचा लहानसा गट आहे. महिन्यातून एका शनिवारी लोकांसाठी आकाशदर्शन ठेवतो. येईल त्याला दाखवायचं, एवढाच नियम. साधनं दोन: २०० मिमी आरशाची डॉबसोनियन (उघड्या नळीची, तळाशी आरसा असलेली दुर्बीण) आणि १०० मिमी भिंगाची एक जुनी दुर्बीण.

गेल्या शनिवारचं सांगतो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. संध्याकाळी आभाळ असं धुतलेलं की आम्ही एकमेकांना फोन करून सांगत होतो, आज मजा आहे. तारे नुसते लखलखत होते. ऐंशीच्या आसपास माणसं आली. शनीवर दुर्बीण लावली, २०० पट वर्धन ठेवलं, आणि बघतो तर शनी पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा हलतोय. कडी आहेत एवढं कळत होतं, पण कड्यांमधली काळी फट एकदाही दिसली नाही. एक मुलगी म्हणाली, "काका, हा उकळतोय." मी फोकस फिरवत राहिलो. काही फरक नाही.

त्याच्या आदल्या महिन्यात मात्र आभाळ मळकट होतं. चौथ्या प्रतीचे, म्हणजे मध्यम तेजाचे, तारेही दिसत नव्हते. कार्यक्रम रद्द करावा असं तिघांचं मत होतं. तरी केला, आणि गुरूचे पट्टे कोरल्यासारखे दिसले!

दोन प्रश्न आहेत. एक, हे असं उलटं का होतं? दोन, कार्यक्रम ठेवायचा की रद्द करायचा हे तुम्ही कशावरून आणि किती वाजता ठरवता? लोक लांबून येतात, मुलांना घेऊन येतात. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवताना जीव तुटतो.

आठइंची

तारे लखलखत होते, यातच उत्तर आहे. तारा जितका जास्त लुकलुकतो तितकी वरची हवा जास्त ढवळलेली. आपण खाली उभे राहून "वा" म्हणतो आणि दुर्बीण रडते.

स्थिरहवा

आठइंची बरोबर बोलले, जरा विस्ताराने लिहितो.

"चांगलं आभाळ" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली पारदर्शकता: हवेत धूळ, धूर, बाष्प किती आहे, म्हणजे प्रकाश किती गाळला जातो. दुसरी स्थिरता, इंग्रजीत जिला सीइंग म्हणतात: हवा किती शांत आहे. एक असली की दुसरी असेलच असं नाही. पुष्कळदा तर एक असते तेव्हा दुसरी नसते.

उन्हात तापलेल्या रस्त्यावरून लांबचं काही पाहिलं की ते थरथरताना दिसतं. गरम आणि गार हवेचे गोळे एकमेकांत मिसळत असतात आणि प्रत्येक गोळा प्रकाशाला जरा वेगळा वाकवतो. रात्री डोक्यावर हेच चालू असतं, फक्त किलोमीटरच्या किलोमीटर जाडीत. तारा आपल्यासाठी एक बिंदू, म्हणून त्याचा प्रकाश इकडेतिकडे ढकलला की तो लुकलुकतो. ग्रहाला छोटीशी तबकडी असते, तिच्या वेगवेगळ्या भागांचं लुकलुकणं एकमेकांत मिटून जातं, म्हणून ग्रह डोळ्यांना शांत दिसतो. दुर्बिणीत मात्र त्या तबकडीचा प्रत्येक कण हलताना दिसतो.

आता आकडे. शनीचा गोळा साधारण २० विकला रुंद दिसतो (१ अंश म्हणजे ३६०० विकला). कड्यांमधली कॅसिनीची फट जेमतेम पाऊण विकला. २०० मिमी आरसा सिद्धांताने ०.६ विकलेपर्यंतचं वेगळं करू शकतो, म्हणजे दुर्बिणीकडून काही कमी नव्हतं. पण हवा खवळलेली असली की ताऱ्याचा बिंदूच ३ विकलांचा गोळा होतो. त्यात पाऊण विकलेची फट कुठून दिसणार? २०० पट वर्धन केलंत तेव्हा शनीबरोबर ही थरथरही २०० पट मोठी केलीत. फोकसचा काही दोष नव्हता.

पाऊस घेऊन येणारी हवा पुढे सरकते, तिच्यामागून नवी, गार, कोरडी हवा घुसते. धूळ धुऊन जाते, म्हणून आभाळ काचेसारखं. पण ती हवा अजून बसलेली नसते, थर एकमेकांवर घसरत असतात. उलट मळकट दिवसांत हवा थांबलेली असते. जमिनीजवळ गार थर, वर उबदार थर, झाकण ठेवल्यासारखं. धूळ अडकून पडते म्हणून आभाळ मळकं, पण काही हलत नाही म्हणून गुरू स्थिर. तुमच्या दोन्ही शनिवारांचं उत्तर हेच.

रोहिणी_नि

"झाकण ठेवल्यासारखं" आवडलं. वाचनखूण साठवली.

आरसेवाली

वर लिहिलंय ते बरोबर आहे, पण सगळं खापर दहा किलोमीटर उंचीवरच्या हवेवर फोडू नका. माझ्या अनुभवात जाहीर कार्यक्रमांतली निम्मी थरथर दुर्बिणीच्या आसपास दहा मीटरच्या आतली असते.

तिपाई, चार प्रश्न. दुर्बीण बाहेर किती वेळ आधी काढली होती? खाली काय होतं, गवत की काँक्रीट? शनीच्या दिशेला एखादी इमारत किंवा छप्पर होतं का? आणि रांग कुठे उभी होती?

घरातून काढलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो. गार होईपर्यंत त्याच्यावरून गरम हवेची धार नळीतून वर जात राहते, आणि तुम्ही त्या धारेतूनच बघता. २०० मिमीच्या आरशाला तास-दीड तास सहज लागतो. काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन मध्यरात्रीपर्यंत ते ओकत बसतं. गवत लवकर निवतं.

आणि माणसं! डॉबसोनियनचं तोंड वर उघडं असतं. गरम डोकी आणि श्वास त्या तोंडाखाली असले की झालं. करून बघा: एखादा तेजस्वी तारा फोकसच्या बाहेर काढून मोठी चकती करा आणि कुणाला तरी नळीच्या तोंडापुढे हात धरायला सांगा. हातावरून निघणाऱ्या गरम हवेच्या ज्वाळा चकतीत चक्क दिसतात. मुलांना हा खेळ शनीपेक्षाही आवडतो कधीकधी.

तिपाई

आरसेवाली ताई, तुम्ही तिथे हजर होतात का? :) दुर्बीण गाडीतून अर्धा तास आधी काढली. खाली काँक्रीट. शनी एका लांबट छपरावर उगवला होता. आणि रांग दुर्बिणीला वेटोळं घालून, अगदी तोंडाखाली. चारही उत्तरं चुकीची निघाली.

पण मग आदल्या महिन्यात याच जागेवर, याच रांगेत गुरू चांगला कसा दिसला?

आरसेवाली

तेव्हा गुरू किती उंचीवर होता?

तिपाई

जवळजवळ डोक्यावर.

आरसेवाली

मग त्याचं श्रेय अर्धं मळकट हवेला, अर्धं उंचीला.

कोनमापक

उंचीबद्दल मलाही लिहायचंच होतं. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेची जेवढी जाडी पार करतो तिला एक म्हणू. ३० अंश उंचीवर ती दुप्पट होते. क्षितिजापाशी जवळजवळ ३८ पट. बहुतेक कार्यक्रम अंधार पडल्या पडल्या सुरू होतात, आणि ज्याची जाहिरात केलेली असते तो ग्रह तेव्हा पूर्वेला १५-२० अंशांवर लटकत असतो. थांबा ना थोडं! पहिला तास वरचं काही दाखवा, ग्रह ४० अंशांच्या वर आला की त्याच्याकडे वळा.

खाली असलेल्या ग्रहाला एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी किनार दिसते, तीही हवेचीच करामत. वातावरण लोलकासारखं रंग वेगळे करतं. लोक विचारतात "हे शनीचे रंग का?" तर नाही, ते आपल्याच हवेचे.

धुकट

मी दवाबद्दल लिहितो, कारण माझा सगळ्यात वाईट कार्यक्रम दवाने घालवला होता.

रात्री नऊनंतर चित्र हळूहळू फिकट होत गेलं. आम्हाला वाटलं पातळ ढग आले. वर बघितलं तर तारे जागच्या जागी. कुणाच्या लक्षात येईना. मग एका उत्साही मित्राने टॉर्च मारून बघितलं: पुढच्या काचेवर दव. आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने खिशातला रुमाल काढून काच पुसली. काचेवर बसलेली धूळ त्या रुमालाखाली घासली गेली. त्या रेघा आजही आहेत.

दव निरभ्र रात्रीच जास्त का पडतं, हे मला तेव्हापासून पाठ आहे. काच आपली उष्णता वर मोकळ्या आभाळाकडे सोडत राहते. ढग असले तर ते थोडी परत पाठवतात, निरभ्र आभाळ काही परत देत नाही. त्यामुळे काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, आणि दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं त्याच्या) खाली गेली की बाष्प तिच्यावर बसतं. ज्या दुर्बिणींना पुढे काच किंवा भिंग असतं (भिंगाच्या दुर्बिणी, श्मिट-कॅसेग्रेन) त्यांना हे लवकर होतं. आरसा नळीच्या तळाशी लपलेला असतो, म्हणून डॉबसोनियन बरीच वाचते.

उपाय साधा. काचेच्या व्यासाच्या दीड ते दोन पट लांबीची नळकांडी पुढे चढवायची. काचेला दिसणारं आभाळ कमी होतं, गार व्हायचं प्रमाण कमी होतं. जाड काळा कागद गुंडाळला तरी चालतं. आणि दव बसलंच तर पुसायचं नाही, कोमट वाऱ्याने हलकेच उडवायचं.

संध्याकाळी तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचंच अंतर उरलं असेल तर तयारीनेच जा.

रोहिणी_नि

आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) दव येतं ते वेगळंच. लहान मुलं नाक लावून बघतात, श्वास सरळ काचेवर. दोन आयपीस ठेवायचे, एक वापरात आणि एक खिशात उबेला.

मोकळं_मैदान

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. माझं मत स्पष्ट आहे: शंका असेल तर रद्द करा. दुपारी कळवा, लोकांचा प्रवास वाचवा. ढगाखाली शंभर माणसं उभी करून "येईल, येईल, दिसेल" म्हणत राहणं मला योग्य वाटत नाही. पहिल्यांदा आलेला माणूस पुन्हा येत नाही.

अंधारयात्री

पूर्ण असहमत. आम्ही पाऊस आणि वीज सोडून कधीच रद्द करत नाही. ढगांमधल्या फटीतून चार मिनिटं चंद्र दिसला तरी लोक ते विसरत नाहीत. रद्द केलेल्या कार्यक्रमातून कुणालाच काही दिसत नाही.

नकाशे

दोघांच्या मधलं बोलतो. रोज हवामानाचे नकाशे बघणं हे माझं कामच आहे.

"ढग ४० टक्के" एवढ्यावर काही ठरवू नका. कुठले ढग ते बघा. अंदाजात खालचे, मधले, वरचे ढग वेगळे दिलेले असतात. दुपारी कापसाचे गोळे असलेले खालचे ढग जमीन तापल्याने तयार होतात. सूर्य मावळला की त्यांची चूल विझते आणि बरेचदा ते तासाभरात विरून जातात. अशा दिवशी दुपारी चार वाजता आभाळ बघून रद्द केलं तर रात्री हळहळ होते. उलट पश्चिमेकडून मधल्या थराची सलग चादर सरकत असेल तर संध्याकाळचं निळं आभाळ फसवं आहे.

रात्री उपग्रहाची इन्फ्रारेड चित्रं बघा. दृश्य प्रकाशातल्या चित्रात रात्री काही कळत नाही, इन्फ्रारेड ढगाच्या माथ्याचं तापमान दाखवतं. एकामागून एक चार-पाच चित्रं बघितली की चादर कुठून कुठे आणि किती वेगाने सरकतेय ते स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. फक्त खालचं धुकं आणि खुजे ढग यात दगा देतात, कारण त्यांचं तापमान जमिनीच्या जवळपासच असतं.

स्थिरतेसाठी वरच्या थरातला वारा बघा, साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरचा, जिथे जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, असतो. जेट डोक्यावरून जात असेल तर त्या रात्री ग्रहांची फार आशा नको.

आमची रीत: आदल्या दिवशी "बहुतेक होईल" किंवा "कठीण आहे" एवढंच कळवायचं, आणि पक्का निरोप सुरुवातीच्या तीन तास आधी. तीन तासांत घरून निघता येतं आणि अंदाजही बराच खरा असतो.

साधा_प्रेक्षक

मी दुर्बीणवाला नाही, रांगेतला माणूस आहे. इथे वाचत असतो, पहिल्यांदाच लिहितोय.

एकदा चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिलो. डोळा लावला, एक पिवळट ठिपका हलत होता. "दिसला का? पुढे चला." काय दिसायला हवं होतं ते कुणी सांगितलं नाही. मला वाटलं माझ्याच डोळ्यात काही कमी आहे. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

दुसऱ्या एका ठिकाणी ढग आले आणि एक बाई ढगाखाली उभ्या राहून बोलत राहिल्या. ढग कसला आहे, त्यामागे आत्ता काय आहे, हवा हलली की चित्र का हलतं. अर्ध्या तासाने फट पडली, गुरू आला, आणि त्या म्हणाल्या, "डोळा काढू नका, मनात वीस मोजा, मध्येच एक क्षण हवा थांबेल." खरंच थांबली. दोन पट्टे स्वच्छ दिसले, मग पुन्हा सगळं वितळलं. तो क्षण मी विसरणार नाही.

तर रद्द करा किंवा करू नका, पण बोला. हवा वाईट असेल तर आधी सांगा की आज हवा वाईट आहे.

तिपाई

साधा_प्रेक्षक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "पुढे चला" मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. आमच्या रांगेतलंही कुणी असंच घरी गेलं असेल या विचाराने वाईट वाटतंय.

स्थिरहवा

"मनात वीस मोजा" याला पक्का आधार आहे. थरथर सतत सारखी नसते, मध्येच हवा शांत व्हायचे क्षण येतात. डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये असा नशिबाचा क्षण मिळायची शक्यता किती ते गणिताने मांडलं. ग्रहांचे फोटो काढणारे आज याच तत्त्वावर हजारो चित्रं घेतात आणि त्यातली मोजकी निवडतात. डोळ्याने बघणारा हेच करतो, फक्त त्याला थांबू द्यायला हवं.

हिशोबही करून बघितला. ८० माणसं, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे २७ मिनिटं. प्रत्येकी ४५ सेकंद दिले तर एक तास. एका तासात सगळ्यांना पाऊण मिनिट मिळतं! मग घाई कशाची करतो आपण?

कोनमापक

माणूस बदलताना जाणारा वेळ धरला नाहीत. आयपीसची उंची, चष्मा, उचलून घ्यायची मुलं. दीड तास धरा.

दीर्घिकाप्रेमी

सगळे शनी वाचवायला धावलात. मी म्हणतो, त्या रात्री शनी लावायचाच कशाला? पावसानंतरचं धुतलेलं आभाळ म्हणजे पारदर्शक आभाळ. महिन्यातून एकदा मिळणारी रात्र. अशा रात्री ४० पट वर्धन ठेवून देवयानी दीर्घिका दाखवायची. हवा कितीही थरथरू दे, एवढ्या कमी वर्धनाला आणि एवढ्या पसरट गोष्टीला काही फरक पडत नाही. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे तो.

आणि मळकट, थांबलेल्या रात्री ग्रह आणि जोडतारे. आभाळ देईल ते बघायचं.

अंधारयात्री

तत्त्व पटलं, उदाहरण नाही. दिव्यांच्या वस्तीजवळ ऐंशी माणसांना देवयानी दाखवलीत तर ऐंशीपैकी सत्तर म्हणतील "कुठे काय आहे?" डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि रांगेत प्रत्येकाच्या हातात फोन चमकत असतो. त्यापेक्षा त्या रात्री कृत्तिका दाखवा, साध्या द्विनेत्रीतून. किंवा हंसातला अल्बिरिओ: एक सोनेरी, एक निळसर, दोघांत ३४ विकलांचं अंतर. हवा खवळली तरी ते दोघे वेगळे दिसतात आणि रंग तर मुलंही ओळखतात.

दीर्घिकाप्रेमी

अल्बिरिओ मान्य. देवयानीसाठी मात्र भांडत राहणार. नीट सांगितलं तर लोकांना त्या पुसट डागाचंही भरून येतं, मी पाहिलंय.

ध्रुवबाळ

वस्तीतल्या दिव्यांवरून जॉन डॉबसन आठवले, ज्यांच्या नावाने तिपाईंची दुर्बीण आहे. वीसहून जास्त वर्षं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत संन्यासी होते. तिथेच त्यांनी टाकाऊ काचेपासून आरसे घासून दुर्बिणी करायला सुरुवात केली, जहाजाच्या गोल खिडकीच्या काचाही वापरल्या. १९६७ मध्ये आश्रम सोडला, आणि पुढच्याच वर्षापासून त्यांच्याभोवतीची मंडळी शहरातल्या पदपथांवर दुर्बिणी मांडून जाणाऱ्या-येणाऱ्याला चंद्र आणि ग्रह दाखवू लागली. भर दिव्यांत! चंद्राला आणि ग्रहांना दिव्यांचं काही वाटत नाही.

म्हणून माझं मत: नव्या लोकांसाठी अष्टमीच्या आसपासचा चंद्र. पातळ ढगातूनही दिसतो, धुरकट आभाळातूनही दिसतो. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पौर्णिमेला त्याच सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट दिसतो.

जुनी_पानं

ढगांचा विषय निघालाय तर ल जेंतीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गियोम ल जेंती, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणं) पाँडिचेरीहून मोजायचं म्हणून १७६० मध्ये निघाला. वाटेत कळलं, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडलं. अधिक्रमणाच्या दिवशी तो जहाजावर. आभाळ निरभ्र, पण हलत्या डेकवरून मोजमाप होईना. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी, म्हणून तो परत गेलाच नाही. शेवटी पाँडिचेरीत वेधशाळा उभारली. जून १७६९ ची ती सकाळ उजाडली आणि ढग आले. अधिक्रमण संपलं, ढग गेले. १७७१ मध्ये घरी पोचला तर त्याला मेलेला समजून वारस इस्टेट वाटून घ्यायला बसलेले.

त्यानंतरचं अधिक्रमण १८७४ मध्ये झालं, त्याच्या मृत्यूनंतर. मी ढगाखाली अडकलेल्या लोकांना ही गोष्ट नेहमी सांगतो. सगळे गप्प होतात.

रोहिणी_नि

अकरा वर्षं! एका सकाळसाठी.

आठइंची

आणि न्यूटनने १७०४ मध्येच लिहून ठेवलंय की दुर्बीण कितीही उत्तम केली तरी हवेची थरथर तिला काढता येणार नाही, उंच डोंगरमाथ्यावरची शांत हवा हाच उपाय. आज मोठ्या वेधशाळा तिथेच आहेत: हवाईत मौना केआ ४,२०० मीटरवर, चिलीत पारानाल २,६३५ मीटरवर, लडाखमध्ये हानले ४,५०० मीटरवर. आणि १९५३ मध्ये होरेस बॅबकॉक यांनी हवेच्या थरथरीप्रमाणे आरशाचा आकारच बदलत न्यायची कल्पना मांडली. आज मोठ्या दुर्बिणी ते सेकंदाला शेकडो वेळा करतात.

मोकळं_मैदान

डोंगर आणि वाकणारे आरसे आपल्याकडे नाहीत, गवत आहे. तिपाई, पुढचा कार्यक्रम गवतावर करा आणि इथे कळवा. रद्द करण्याबद्दलचं माझं मत नकाशे यांच्या प्रतिसादानंतर थोडं नरम झालंय. तीन तास आधीचा निरोप मला चालेल.

तिपाई

चार आठवड्यांनी परत येतोय. काल कार्यक्रम झाला.

निरोप नकाशे यांच्या पद्धतीने दिला. दुपारी वरच्या थरात पातळ ढग दाखवत होते, खाली-मध्ये काही नाही. तीन तास आधी लिहिलं: "कार्यक्रम होणार. ढग पातळ आहेत, चंद्र आणि ग्रह दिसतील, अंधुक गोष्टी दिसणार नाहीत." साठ-एक जण आले, आणि काय बघायला आलोय हे प्रत्येकाला माहीत होतं.

दुर्बिणी दोन तास आधी गवतावर काढून ठेवल्या. रांग नळीच्या मागे, पाच पावलांवर दोरी बांधून. अभिजितजवळचा दुहेरी-दुहेरी तारा लावून बघितला. त्याच्या दोन्ही जोड्यांत सव्वादोन-अडीच विकलांचंच अंतर आहे, आणि १०० मिमीतही चारही तारे वेगळे दिसले, म्हणजे हवा बरी होती. तरी शनीवर २०० न लावता १२० वर थांबलो, आणि तो बराच वर येईपर्यंत चंद्रच दाखवला. प्रत्येकाला सांगितलं, वीस मोजा. कॅसिनीची फट सगळ्यांना दिसली असं म्हणणार नाही. पण एक आजोबा पंधराव्या आकड्यावर "हां!" असं इतक्या मोठ्याने म्हणाले की मागची रांग हसली आणि मग प्रत्येक जण मोजायला लागला.

साडेनऊला ढग दाट होत गेले. शनी पुसट झाला. मी आवराआवर करणार एवढ्यात कुणी तरी वर बोट दाखवलं: चंद्राला खळं पडलं होतं. पूर्ण गोल. सगळ्यांना हात लांब करून पंजा पसरायला लावला, अंगठा चंद्रावर, करंगळी खळ्यावर, साधारण २२ अंश. उंचावरच्या ढगात बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात, प्रकाश त्यांतून जाताना कमीत कमी २२ अंशांनी वाकतो, म्हणून कडं तिथेच पडतं आणि आतली कड तांबूस दिसते, एवढं सांगता आलं. कडाच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळोखं आहे, हे एका सहावीतल्या मुलाने माझ्याआधी सांगितलं. साठ माणसं एकाच वेळी एकच गोष्ट बघत होती, रांगेशिवाय.

मागच्या वेळी "उकळतोय" म्हणणारी मुलगी आली होती. या वेळी तिला नळीपुढे हात धरायचा खेळ दाखवला. ती अर्धा तास तिथून हलली नाही.

साधा_प्रेक्षक

पुढच्या वेळी येईन तेव्हा वीस मोजेन.

धुकट

खळं पडल्यावर दव कमी झालं का? वर ढग आले म्हणजे काच कमी गार झाली असणार.

तिपाई

अरे हो! दहानंतर काच कोरडी होती. आधी वाटलं नळकांड्यामुळे.

आरसेवाली

दोन्हींमुळे. आणि आता त्या डॉबसोनियनच्या आरशामागे छोटा पंखा बसवा, दोन तासांचा एक तास होईल.

तिपाई

पंख्याची हवा आरशाकडे सोडायची की आरशाकडून बाहेर ओढायची? आणि बघताना चालू ठेवला तर थरथर जाणवते का?

आरसेवाली

मी मागून आरशाकडे सोडते. रबरी पट्ट्यांवर टांगलात तर थरथर पोचत नाही, खात्रीसाठी तारा फोकसबाहेर काढून चालू-बंद करून बघा. फोटो टाका बसवलात की.